हिस्टोन आणि गुणसूत्रांतील डीएनए-बंधक प्रथिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर वर्गाला जीवरसायनशास्त्र शिकवताना या विषयावर दरवर्षी जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बारावीचे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र बऱ्यापैकी आठवत असेल, तर ती समजायला अडचण येऊ नये. क्रम सोडून वाचले तरी चालेल, पण घडीविषयीचे दोन प्रश्न वगळू नयेत, कारण पुढचे बरेचसे विवेचन त्यांवर उभे आहे.

गुणसूत्रीय प्रथिने म्हणजे नेमकी कोणती?

गुणसूत्र म्हणजे नुसता डीएनए, हे शालेय चित्र मनात घट्ट बसलेले असते. प्रत्यक्षात केंद्रकातून गुणसूत्रांचा ऐवज वेगळा काढून तोलला, तर त्यात डीएनएच्या जवळजवळ बरोबरीने हिस्टोन प्रथिने असतात आणि त्याखेरीज इतर प्रथिनेही असतात. माणसाच्या एका पेशीतील ४६ गुणसूत्रांचा डीएनए सरळ करून टोकाला टोक जोडले, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते, आणि तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास मात्र काही मायक्रोमीटरच असतो. डीएनएच्या कण्यावरील प्रत्येक फॉस्फेटवर ऋण प्रभार असल्यामुळे हा धागा स्वतःलाच दूर लोटत असतो. तो गुंडाळायचा तर धन प्रभार असलेले काहीतरी जवळ हवे. लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनी भरलेली हिस्टोन प्रथिने ते काम करतात. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ हे चार गाभ्याचे हिस्टोन, तर एच१ हा जोड-हिस्टोन. त्यांच्याखेरीज एचएमजी गटातील प्रथिने, शुक्राणूंतील प्रोटामिने आणि सूक्ष्मजीवांतील काही चिमुकली प्रथिने यांचा विचारही पुढे केला आहे.

हिस्टोनचा शोध कशातून लागला?

हंसाच्या रक्तातून. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ मध्ये हंसाच्या तांबड्या पेशींच्या केंद्रकांवर सौम्य आम्लाची प्रक्रिया करून हे प्रथिन वेगळे काढले आणि त्याला हिस्टोन हे नाव दिले. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशींत केंद्रक नसते, पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत ते असते, म्हणून ही निवड. आजही विद्यार्थ्यांच्या प्रयोगासाठी सर्वांत सोयीचे साधन तेच आहे: सकाळी लवकर कोंबडीच्या दुकानात सोडियम सायट्रेट घातलेली बाटली घेऊन जावे, न गोठलेले ताजे रक्त आणावे, केंद्रके वेगळी करावीत आणि थंडगार सौम्य सल्फ्युरिक आम्लात ढवळत ठेवावीत. डीएनए आणि बहुतेक प्रथिने तळाशी बसतात, हिस्टोन मात्र वरच्या निवळीत विरघळून राहतात. एखाद्या प्रथिनाला आम्लात सुखाने राहता येते, हीच त्याच्या अंगच्या धन प्रभाराची पहिली खूण.

कोसेल यांना १९१० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिस्टोनचे महत्त्व कळायला मात्र त्यानंतर साठ-पासष्ट वर्षे जावी लागली. दीर्घकाळ त्याकडे डीएनएभोवतीचे निव्वळ बांधणीचे सामान म्हणून पाहिले गेले.

हिस्टोनची घडी दिसते कशी?

चारही गाभ्याच्या हिस्टोनांचा अमिनो आम्लांचा क्रम एकमेकांपासून बराच वेगळा आहे, तरी त्यांची मधली घडी जवळजवळ एकच आहे आणि तिला हिस्टोन घडी म्हणतात. तिच्यात तीन अल्फा हेलिक्स असतात. मधला लांब, सुमारे २७ अमिनो आम्लांचा, एखाद्या दांड्यासारखा; त्याच्या दोन्ही टोकांना एकेका छोट्या वळणाने जोडलेले दोन आखूड हेलिक्स. सगळी घडी मिळून सत्तरेक अमिनो आम्लांची. साधारणपणे प्रथिनाची घडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गोळा येतो, ज्याच्या पोटात पाण्याला टाळणारे भाग दडलेले असतात. हिस्टोन घडीला असे पोटच नाही. तीन हेलिक्स नुसतेच पसरलेले असतात आणि त्यांची पाण्याला टाळणारी बाजू उघडी पडते.

ती उघडी बाजू झाकायला दुसरा हिस्टोन लागतो. एच३ला एच४ लागतो, एच२एला एच२बी लागतो. दोघांचे लांब हेलिक्स एकमेकांवर तिरके आडवे येतात, एकाचे डोके दुसऱ्याच्या शेपटाकडे असते, आणि आखूड हेलिक्स जोडीदाराला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. इंग्रजी पुस्तके याला हस्तांदोलन म्हणतात, पण मला वर्गात फुगडीची उपमा अधिक उपयोगी वाटते. हस्तांदोलनातून हात काढून घेतला तरी माणूस उभाच राहतो. फुगडीत जोडीदाराने हात सोडला की दुसरी मुलगी कोलमडते. हिस्टोनची गत नेमकी तशीच आहे.

एकटा हिस्टोन घडीत राहू शकत नाही, हे कशावरून ठरवले?

प्रथिनाची घडी मोजण्याचे सरधोपट साधन म्हणजे डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातील फरक. अल्फा हेलिक्स असला की २२२ नॅनोमीटर तरंगलांबीवर ठसठशीत ऋण संकेत मिळतो. एकट्या हिस्टोनचे सौम्य द्रावण यंत्रात ठेवले, तर हा संकेत क्षीण येतो, म्हणजे साखळी बहुतांशी मोकळी आहे. त्यात योग्य जोडीदार मिसळला की संकेत एकदम वाढतो. युरिया घालत गेलो की जोडी सुटते, आणि ती सुटताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात: जोडीदार विलग होतात आणि हेलिक्सही उलगडतात. घडी शाबूत असलेला पण एकटा असा हिस्टोन अधल्यामधल्या टप्प्यावर लक्षणीय प्रमाणात साचलेला दिसत नाही. याला आणखी एक पुरावा आहे, जो विद्यार्थी हमखास विसरतात. प्रथिनाचे प्रमाण वाढवले, की तीच जोडी मोडायला अधिक युरिया लागतो. एकट्याने घडी घालणाऱ्या प्रथिनाच्या बाबतीत असे होत नाही. भोवती किती भाईबंद आहेत याचे त्याला सोयरसुतक नसते.

घडीची गतीही थक्क करणारी आहे. दोन द्रावणे क्षणार्धात मिसळणाऱ्या यंत्रात उलगडलेले एच२ए आणि एच२बी एकत्र आणले, तर यंत्राची नोंद सुरू होण्याच्या आत, म्हणजे काही मिलिसेकंदांतच, त्यांची प्राथमिक जोडी जमलेली असते. आधी प्रत्येकाने आपापली घडी घालायची आणि मग भेटायचे, असा हा क्रम नाही. भेटणे आणि घडी पडणे ही एकच घटना आहे. एका हाताने टाळी वाजत नाही, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

प्रयोग करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना येथेच देतो. गाभ्याच्या हिस्टोनांत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसते. त्यामुळे प्रतिदीप्ती मोजायची तर टायरोसिनच्या मंद प्रकाशावर भागवावे लागते, आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणावरून प्रमाण काढायची सवय असलेला माणूस सुरुवातीला चुकतोच. या प्रथिनांचे प्रमाण २७६ नॅनोमीटरवर मोजण्याची पद्धत आहे.

आठ हिस्टोन एकत्र कसे येतात?

एच३–एच४ च्या दोन जोड्या प्रथम एकमेकींना जुळतात आणि चौकडी बनते. हा सांधा दोन्हीकडच्या एच३च्या हेलिक्सांचा असतो. या चौकडीच्या दोन्ही अंगांना एच२ए–एच२बी ची एकेक जोडी येऊन बसते, तेथे सांधा एच४ आणि एच२बी यांचा. दोन्ही प्रकारचे सांधे चार हेलिक्सांच्या जुडीचे असतात, पण बळकटी सारखी नाही. चौकडी कणखर आहे, बाजूच्या जोड्या तुलनेने सहज निघतात. डीएनए जवळ नसताना आठही हिस्टोन एकत्र ठेवायचे असतील, तर सुमारे २ मोलर मीठ लागते. मीठ उतरवले की समूह फुटतो, चौकडी वेगळी आणि दोन जोड्या वेगळ्या होतात, कारण इतका धन प्रभार जवळ जवळ राहणे अशक्य होते. पेशीत मिठाचे प्रमाण त्यामानाने फारच कमी असल्याने तेथे हा समूह टिकवण्याचे काम डीएनए करतो. म्हणजे ज्याला गुंडाळायचे तोच गुंडाळणाऱ्याला एकत्र धरतो.

डीएनए नेमका कोठे धरला जातो?

आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती १४७ बेसजोड्यांचा डीएनए सुमारे पावणेदोनपेक्षा थोडे कमी वेढे घेतो, आणि हे वेढे डावखुऱ्या वळणाचे असतात. तयार होणाऱ्या चकतीचा व्यास सुमारे ११ नॅनोमीटर आणि जाडी ५.५ नॅनोमीटर भरते. यालाच न्यूक्लिओसोम म्हणतात. डीएनए गाभ्याला सरसकट चिकटलेला नसतो. त्याची लहान खाच (दुहेरी पिळाच्या दोन खाचांपैकी अरुंद) दर दहा-साडेदहा बेसजोड्यांनंतर गाभ्याकडे तोंड करते, आणि अशा १४ ठिकाणीच पकड असते. प्रत्येक ठिकाणी आर्जिनिनचा एक लांब हात त्या खाचेत शिरतो किंवा तिच्या तोंडाशी येतो, तर हेलिक्सांची टोके आणि वळणांतील साखळीचा कणा फॉस्फेटांशी हायड्रोजन बंध जोडतात.

येथे बेसांचे अक्षर वाचले जात नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पकड बहुतांशी कण्याशी आहे, म्हणूनच हिस्टोन कोणत्याही जनुकावर बसू शकतात. तरीही सगळे डीएनए त्यांना सारखेच सोयीचे नसतात. जेथे लहान खाच आत दाबली जाते तेथे ए आणि टी, जेथे ती बाहेर फुगते तेथे जी आणि सी असले, तर वाकणे सोपे जाते. जोनाथन विडम यांच्या प्रयोगशाळेत कृत्रिम क्रमांच्या मोठ्या संग्रहातून निवडलेला ‘६०१’ नावाचा क्रम इतका घट्ट बसतो, की आज जगभरच्या प्रयोगशाळा न्यूक्लिओसोम बनवायला तोच वापरतात. मला यात एक धोका दिसतो: निसर्गात न आढळणाऱ्या, अवाजवी चिवट अशा न्यूक्लिओसोमवर मोजलेले आकडे आपण जिवंत पेशीला बिनधास्त लावतो.

ही रचना कोणी आणि केव्हा उलगडली?

१९७३ मध्ये ह्युइश आणि बर्गॉइन यांनी केंद्रकातील डीएनए विकराने तोडला असता त्याचे तुकडे ठरावीक लांबीच्या पटीत पडतात असे दाखवले. १९७४ मध्ये ॲडा आणि डोनाल्ड ऑलिन्स या दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोऱ्यात ओवलेल्या मण्यांची चित्रे प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी केंब्रिज येथे काम करणाऱ्या रॉजर कॉर्नबर्ग यांनी आठ हिस्टोन आणि सुमारे २०० बेसजोड्या असे एकक सुचवले. (कॉर्नबर्ग यांचे २००६ चे नोबेल यासाठी होते असे अनेक उत्तरपत्रिकांत लिहिलेले आढळते. ते पारितोषिक जनुकाच्या प्रतिलेखनावरील कामासाठी होते.) १९८४ मध्ये ७ अँगस्ट्रॉमचे धूसर चित्र मिळाले (हा आकडा जितका लहान, तितके बारकावे अधिक स्पष्ट). १९९१ मध्ये अ‍ॅरेंट्स, मूड्रियानाकिस आणि सहकाऱ्यांनी डीएनएविना असलेला आठांचा समूह ३.१ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडला, आणि हिस्टोन घडी प्रथमच नीट दिसली. १९९७ मध्ये झुरिकच्या टिमथी रिचमंड यांच्या गटाने, कॅरोलिन लुगर यांच्या नावाने आघाडीवर असलेल्या निबंधात, संपूर्ण न्यूक्लिओसोमची २.८ अँगस्ट्रॉमची रचना मांडली. २००२ मध्ये ती १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत सुधारली.

१९८४ ते १९९७ ही तेरा वर्षे का लागली, याचे उत्तर यंत्रांपेक्षा नमुन्यात आहे. प्राण्यांच्या ऊतीतून काढलेल्या न्यूक्लिओसोममध्ये डीएनएचा क्रम प्रत्येक कणात वेगळा असतो आणि हिस्टोनांवर नाना तऱ्हेचे रासायनिक बदल असतात. असे बहुरूपी कण एकाच स्फटिकात शिस्तीने रचले जात नाहीत. झुरिकच्या गटाने बेडकाचे हिस्टोन ई. कोलाय जिवाणूत बनवले, एकाच क्रमाचा डीएनए मोठ्या प्रमाणावर तयार केला आणि दोन्ही एकत्र केले. कष्टाचे, कंटाळवाणे, पण निर्णायक काम ते होते.

हे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष कसे करतात?

जिवाणूत बनलेले हिस्टोन बहुधा घडी न पडलेल्या गाळाच्या स्वरूपात साचतात, आणि हे गैरसोयीचे वाटले तरी उपकारकच असते, कारण गाळ धुऊन स्वच्छ करता येतो. तो ग्वानिडिन हायड्रोक्लोराइडच्या ६–७ मोलर द्रावणात विरघळवतात, जेथे कोणतीही घडी शिल्लक राहत नाही. मग चारही हिस्टोन समप्रमाणात मिसळून द्रावण डायलिसिसच्या पिशवीत भरतात आणि पिशवी २ मोलर मिठाच्या पाण्यात सोडतात. लिटरमागे ११७ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या तिपटीहून अधिक खारट. ग्वानिडिन हळूहळू बाहेर जाते आणि पिशवीत आठांचा समूह आपोआप जुळून येतो. एच३ मध्ये सिस्टीन असल्याने द्रावणात बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालावे लागते, त्यामुळे शीतकक्षात शिरल्याबरोबर कुजक्या अंड्यांसारखा वास येतो.

पुढची पायरी नाजूक असते. समूह आणि डीएनए २ मोलर मिठातच मिसळायचे आणि मग मीठ अगदी सावकाश उतरवायचे. प्रथम एच३–एच४ ची चौकडी डीएनएवर बसते, मीठ आणखी उतरले की एच२ए–एच२बी च्या जोड्या दोन्ही बाजूंनी येतात. विद्यार्थिदशेत एकदा रात्रभराचा हा कार्यक्रम दोन तासांत उरकण्याचा शहाणपणा मी केला होता. सकाळी पिशवीत फाटलेल्या दुधासारखे पांढरे गोळे तरंगत होते, कारण मीठ झटकन उतरले की प्रत्येक धन प्रभार मिळेल त्या ऋण प्रभाराला जाऊन चिकटतो आणि सुटण्याची संधी कोणालाच उरत नाही. नीट जमलेला नमुना जेलवर एकच ठळक पट्टा देतो. दोन-तीन पट्टे दिसले, तर गाभा डीएनएवर वेगवेगळ्या जागी बसला आहे असे समजावे आणि नमुना ३७ अंशांवर काही काळ ठेवून पाहावा.

पेशीत एवढे मीठ नसते. मग तेथे हे कसे घडते?

सोबती प्रथिनांच्या मदतीने. १९७८ मध्ये रॉन लास्की आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यात न्यूक्लिओप्लाझमिन हे आम्लधर्मी प्रथिन शोधले, जे हिस्टोनांना डीएनएशी गोंधळ घालू न देता पोचवते, आणि त्याच्या संदर्भात रेणूंच्या बाबतीत ‘चॅपरॉन’ हा शब्द प्रथम वापरला गेला. उष्णतेने बिघडणाऱ्या प्रथिनांना सावरणारे चॅपरॉन आज अधिक प्रसिद्ध आहेत, पण नाव प्रथम हिस्टोनच्या सोबत्याला मिळाले. पुढे एएसएफ१, सीएएफ-१, फॅक्ट अशी अनेक नावे यादीत आली. यांपैकी एएसएफ१ एच३–एच४ च्या एकाच जोडीला धरते, आणि तेही चौकडी बनताना एच३ जेथे दुसऱ्या एच३ला भेटतो नेमक्या त्याच बाजूवर. त्यामुळे जोडी पोचेपर्यंत चौकडी होतच नाही. अकाली फुगडी जमू नये म्हणून एक हात धरून ठेवण्यासारखेच हे आहे.

हिस्टोनच्या शेपट्यांची घडी कशी असते?

घडी नसते. प्रत्येक हिस्टोनच्या साखळीचा आरंभीचा भाग, आणि एच२एच्या बाबतीत शेवटचाही भाग, गाभ्याबाहेर मोकळा लोंबतो. गाभ्याच्या हिस्टोनांच्या वस्तुमानाचा सुमारे चतुर्थांश भाग अशा शेपट्यांत असतो, आणि पुष्कळशा स्फटिकचित्रांत तो दिसतच नाही, कारण तो स्थिर नसतो. तरीही जनुके चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणा मुख्यतः येथेच लागतात. व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच हिस्टोनांवरील ॲसिटिल खुणांचा संबंध आरएनए निर्मितीशी जोडला होता. एच४च्या शेपटीतील १६व्या जागेवरील लायसिनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ही शेपटी शेजारच्या न्यूक्लिओसोमवरील एच२ए–एच२बी च्या ऋण प्रभारित पट्ट्यावर टेकते आणि दोन चकत्या जवळ येतात; त्या एका लायसिनवर ॲसिटिल गट बसला की धन प्रभार जातो आणि गच्च घडण सैल होते. हाच ऋण पट्टा विषाणूंनीही हेरला आहे. कापोसी सार्कोमाशी निगडित हर्पिस विषाणूचे लाना प्रथिन त्यावर आकड्यासारखे अडकते आणि विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्राच्या पाठीवर बसून पेशीविभाजनात पुढच्या पेशीत जातो.

एच१ इतरांपेक्षा वेगळा का मानतात?

कारण त्याच्यात हिस्टोन घडीच नाही. ‘हिस्टोन’ हे आडनाव त्याला केवळ आम्लात विरघळण्याच्या जोरावर मिळाले आहे. त्याच्या मध्यभागी सुमारे ८० अमिनो आम्लांचा गोलसर भाग असतो, तीन हेलिक्स आणि त्यांना जोडून बीटा पट्ट्यांचे ‘पंख’ अशा घडणीचा. कोंबडीच्या तांबड्या पेशींतील एच५ या त्याच्या भावंडाच्या या भागाची स्फटिकरचना १९९३ मध्ये व्यंकटरमण रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेतलेले हेच रामकृष्णन पुढे रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ च्या नोबेलचे मानकरी ठरले. गोलसर भाग न्यूक्लिओसोममध्ये डीएनए जेथे आत शिरतो आणि बाहेर पडतो तेथे बसतो, आणि विकराच्या तडाख्यातून आणखी सुमारे २० बेसजोड्या वाचवतो.

एच१ची मागची शेपटी जवळजवळ १०० अमिनो आम्लांची, लायसिनने खचाखच भरलेली आणि बेघडीची असते. प्रथिनाला काम करायचे तर आधी घडी पडलीच पाहिजे, हा नियम येथे पार मोडतो. २०१८ मध्ये दाखवण्यात आले, की एच१ आणि प्रोथायमोसिन-अल्फा हे तितकेच ऋण प्रभारित, तितकेच बेघडीचे प्रथिन अतिशय घट्टपणे एकत्र येतात, आणि एकत्र आल्यावरही त्या भागांत कोणालाच ठरावीक घडी पडत नाही. गाभ्याच्या हिस्टोनांत जोडी म्हणजेच घडी; येथे जोडी आहे, घडी नाही.

पुस्तकातील मण्यांच्या माळेचे चित्र बरोबर आहे का?

पहिल्या ओळखीसाठी ठीक. पण मणी टणक असतो आणि न्यूक्लिओसोम तसा नाही. त्याच्या डीएनएची टोके सतत सुटत आणि पुन्हा गुंडाळली जात असतात, त्यामुळे आत दडलेली अक्षरेही जनुक-नियामक प्रथिनांना क्षणभर सापडतात. त्यापुढचे चित्र, म्हणजे माळेचे ३० नॅनोमीटरच्या सुबक नळीत होणारे वेटोळे, मी आता फळ्यावर काढत नाही. प्रयोगशाळेतील शुद्ध नमुन्यात ते दिसते. २०१७ मध्ये मानवी पेशींच्या केंद्रकांत थेट पाहिले असता मात्र ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, वेड्यावाकड्या, कमी-अधिक दाटीच्या साखळ्या दिसल्या. नळीचे ते चित्र अजूनही पाठ्यपुस्तकांत छापले जाते आणि परीक्षेतही विचारले जाते, याला इलाज नाही.

उकळत्या झऱ्यांतील सूक्ष्मजीवांचा डीएनए वितळत कसा नाही?

याची दोन निराळी उत्तरे निसर्गात सापडतात. मिथॅनोथर्मस फर्व्हिडस या आर्किया गटातील सूक्ष्मजीवात १९९० मध्ये खरेखुरे हिस्टोन सापडले, तीच तीन हेलिक्सांची घडी, तीच जोडी, पण शेपट्या नाहीत आणि आठावर थांबण्याचे बंधनही नाही. जोडीला जोडी लागत जाते आणि डीएनए स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो.

दुसरे उत्तर सल्फोलोबसचे. अमेरिकेतील यलोस्टोनच्या आम्लधर्मी गरम झऱ्यांत सापडलेल्या या सूक्ष्मजीवात सॅक७डी हे अवघ्या ६६ अमिनो आम्लांचे प्रथिन असते. याची घडी सर्वस्वी वेगळी आहे: दोन पट्ट्यांचे बीटा पान तीन पट्ट्यांच्या पानावर आडवे ठेवलेले, शेवटी एक हेलिक्स, आणि आत पाण्याला टाळणारे घट्ट पोट. हे एकट्याने घडी घालते, उलगडून पुन्हा तशीच घालते, आणि उदासीन पीएचला ही घडी मोडायला सुमारे ९० अंश सेल्सियस तापमान लागते. त्यामुळे घडीचा उष्मागतिकीय हिशेब शिकवायला याच्यासारखा दुसरा नमुना नाही. डीएनएला धरण्याची रीतही निराळी आहे. ते तीन पट्ट्यांचे पान लहान खाचेवर टेकते, व्हॅलिन आणि मिथिओनिन अशी दोन अमिनो आम्ले पाचरीसारखी बेसजोड्यांच्या मध्ये घुसतात, आणि डीएनए जागच्या जागी सुमारे ६० अंशांनी मुरडतो. हिस्टोन सावकाश वळवतात, हे एकदम मोडल्यासारखे वाकवते. याचेच भावंड एसएसओ७डी डीएनए-पॉलिमरेजला जोडले, की ते विकर डीएनएवरून न घसरता लांब पल्ला गाठते, म्हणून पीसीआरच्या काही पॉलिमरेजांत ते वापरतात.

एचएमजी प्रथिने कोणती?

जेलवर वेगाने सरकतात म्हणून १९७० च्या दशकात या गटाला उच्च-गतिशीलता गट असे नाव पडले, आणि आद्याक्षरांवरून ते एचएमजी झाले. त्यांतील ‘एचएमजी बॉक्स’ म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखे मांडलेले तीन हेलिक्स. हा बॉक्स लहान खाचेत पाचर मारून डीएनए वाकवतो. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय या लिंगनिश्चिती करणाऱ्या प्रथिनात हाच बॉक्स असतो, आणि त्यातील एखाद्या अमिनो आम्लाच्या बदलाने एक्सवाय गुणसूत्रे असलेल्या व्यक्तीचा देह स्त्रीचा घडू शकतो.

शुक्राणूंत हिस्टोन नसतात, हे खरे का?

बहुतांशी खरे. शुक्राणू पक्व होताना बहुतेक हिस्टोन काढून टाकले जातात आणि त्यांच्या जागी आर्जिनिनने भरलेली छोटी प्रोटामिने येतात. फ्रीडरिश मीशर यांनी ती १८७४ मध्ये ऱ्हाइन नदीतील साल्मन माशांच्या शुक्राणूंत शोधली. एकटी असताना त्यांना घडी नसते; डीएनएला भिडल्यावरच ती आकार घेतात. हे सारे फार दूरचे वाटत असेल, तर घरातील फ्रिज उघडून पाहावा. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या ‘३०/७०’ इन्सुलिनचा गढूळपणा एनपीएच इन्सुलिनच्या स्फटिकांमुळे असतो, आणि त्यातील ‘पी’ म्हणजे प्रोटामिन. माशाच्या शुक्राणूंतील प्रथिन इन्सुलिनला धरून ठेवते, ते सावकाश सुटते, आणि टोचण्यापूर्वी बाटली तळव्यांत हलकेच घोळवायला सांगतात ते खाली बसलेले हेच स्फटिक सारखे पसरावेत म्हणून.

एखादे अमिनो आम्ल बदलले तर काय बिघडते?

१९६९ मध्ये वाटाण्याच्या आणि गाईच्या एच४ची तुलना केली, तेव्हा १०२ पैकी फक्त २ ठिकाणी फरक निघाला, आणि तोही सौम्य. अब्जाहून अधिक वर्षांत निसर्गाने ज्याला जवळजवळ हात लावला नाही, तेथे बदल महागच पडणार. तरी तो कोठे झाला यावर परिणाम अवलंबून असतो. मुलांच्या मेंदूच्या मध्यरेषेत होणाऱ्या एका घातक कर्करोगात एच३च्या २७व्या जागी लायसिनऐवजी मिथिओनिन आढळते, हे २०१२ मध्ये उघड झाले. ही जागा शेपटीत आहे, म्हणजे घडीला धक्काही लागत नाही; बिघडते ते खुणा लावणाऱ्या विकराचे काम, आणि एच३च्या अनेक जनुकांपैकी एकाच प्रतीतला बदल त्याला पुरतो. याउलट काही कर्करोगांत एच२बीच्या ७६व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते. ही जागा एच४शी होणाऱ्या सांध्यात आहे. तेथे ऋणाचे धन झाले, की समोरच्या आर्जिनिनशी जमलेले सूत तुटते आणि आठांचा समूह खिळखिळा होतो.

संगणकाला रचना वर्तवता येत असताना प्रयोग कशाला?

अल्फाफोल्ड या रचना वर्तवणाऱ्या संगणक-कार्यक्रमाला एच३ आणि एच४ चे क्रम दिले, तर हिस्टोन घडी उत्तम येते. ती इतक्या वेळा प्रयोगाने उलगडली गेली आहे, की न येती तरच नवल. शेपट्यांच्या जागी मात्र तो कमी विश्वासाच्या रंगात लांबलचक सैल दोरे काढतो, आणि ते त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. एकट्या एच४चा क्रम दिला तर मात्र तो तीन नेटके हेलिक्स काढून देतो, आणि पाण्यात एकटा असताना एच४ असा नसतोच, हे चित्राखाली कोठेही लिहिलेले नसते.

रचना स्वतः पाहायची असेल तर कोठून सुरुवात करावी?

प्रोटीन डेटा बँकेत ‘१केएक्स५’ हा क्रमांक उघडावा. ती २००२ ची १.९ अँगस्ट्रॉमची रचना आहे आणि तिच्यात शेपट्याही जवळजवळ पूर्ण दिसतात. मोबाइलवरही ती फिरवता येते. प्रथम डीएनए झाकून टाकावा आणि एच३–एच४ ची एकच जोडी ठेवून दोन लांब हेलिक्स कसे तिरके छेदतात ते पाहावे. मग त्यांतील एच४ पुसून टाकावा आणि उरलेल्या एच३ची पाण्याला टाळणारी अमिनो आम्ले पिवळ्या रंगात दाखवावीत. लांब हेलिक्सची एक पूर्ण कड उघडी, पिवळीधमक दिसते.